कार्यमुक्त

एखाद्या खेळाविषयी लिहिणाऱ्याने तो खेळ निदान एकदा तरी मैदानात बसून पाहिलेला असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. आम्हांला ती पुरी करता येत नाही. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे. संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मायकेल लुईस यांचे 'मनीबॉल' (२००३) हे पुस्तक वाचायला दिले आणि बेसबॉल आमच्या टेबलावर आला. त्यावर २०११ साली निघालेला चित्रपटही आम्ही पाहिला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ब्रॅड पिट आठवतो. आमच्या मनात मात्र पुस्तकातला एक प्रसंग रुतून बसला. त्यात कोणी चेंडू टाकत नाही, कोणी धावत नाही. मध्यरात्री एक मुदत संपते आणि एका खेळाडूच्या प्रतिनिधीचा फोन वाजू लागतो, एवढेच घडते.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा मोसम वसंतात सुरू होतो आणि शरदात संपतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो; मग ऑक्टोबरात बाद फेऱ्या. त्यानंतरचे चार-पाच महिने मैदाने रिकामी असतात, पण खेळातले बरेचसे निर्णय होतात ते याच काळात. चाळीस नावांच्या यादीत कोण राहणार, कोणाची अदलाबदल करायची, कोणाला पुढचा करार देऊ करायचा आणि कोणाला तो द्यायचाच नाही, बाहेर मोकळे झालेल्यांपैकी आपल्याला कोण परवडेल, याची खलबते हिवाळाभर चालतात. तिथले रसिक या गप्पांना 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. तापलेल्या शेगडीभोवती बसून मारायच्या गप्पा. आपण शेकोटी म्हणू. अभ्यासमंडळावर काम केलेल्या वाचकांना या खलबतांची चव वेगळी सांगायला नको. कोणती कादंबरी ठेवायची आणि कोणती काढायची याच्या बैठका आम्हीही पाहिल्या आहेत. फरक इतकाच की वगळलेल्या कादंबरीला संध्याकाळी घरी जाऊन कोणाला काही सांगावे लागत नाही.

ज्या हिवाळ्याविषयी आम्ही लिहीत आहोत तो २००१ सालचा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड ॲथलेटिक्स या संघाचा. त्या मोसमात ओकलंडने १०२ सामने जिंकले होते. बाद फेरीत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पहिले दोन सामने त्यांनी जिंकले, पुढचे तीन गमावले, आणि मोसम संपला. मग एकामागून एक तिघे गेले. जेसन जिआम्बी हा पहिल्या बेसवरचा खेळाडू, आदल्याच वर्षी, म्हणजे २००० मध्ये, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. त्याला यांकीजनी सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊ केले. जॉनी डेमन चार वर्षांच्या ३ कोटी १० लाखांवर बोस्टनला गेला. अखेरच्या डावात येऊन सामना राखणारा पिचर जेसन इझ्रिंगहाउझेन चार वर्षांच्या २ कोटी ७० लाखांवर सेंट लुईसला गेला. पुढच्या वर्षी ओकलंडच्या सबंध संघाचे वेतन होते सुमारे ४ कोटी डॉलर. जिआम्बीला वर्षाला सरासरी १ कोटी ७० लाखांहून अधिक मिळणार होते. म्हणजे त्याला ठेवायचा तर एका माणसावर दोन पंचमांशांहून अधिक पैसे घालायचे आणि उरलेल्यांत बाकीचा संघ उभा करायचा.

संघाचे जनरल मॅनेजर बिली बीन यांनी इथे जो विचार केला त्याने ते पुस्तकाचे नायक झाले. जिआम्बीची जागा घेणारा जिआम्बी विकत मिळणार नाही, हे त्यांनी आधी मान्य केले. मग तो नेमके काय करत होता, याचे तुकडे पाडले. त्यातला सर्वांत मौल्यवान आणि बाजारात सर्वांत स्वस्त तुकडा होता, बाद न होता बेसवर पोहोचण्याचा. चेंडू न मारता, नुसता संयमाने पारखून सोडूनही बेसवर जाता येते. पण संयमाकडे प्रेक्षकाचे लक्ष जात नाही, आणि प्रेक्षकाचे जिकडे लक्ष जात नाही तिकडे मालकाचा पैसाही जात नाही. ओकलंडने असे संयमी, पण कोणत्या ना कोणत्या कारणाने बाजारातून उतरलेले खेळाडू शोधले. डेव्हिड जस्टिस पस्तिशी गाठलेला होता. स्कॉट हॅटेबर्गचा हात गेलेला होता.

हॅटेबर्ग बोस्टनचा कॅचर. कोपरातल्या नसेच्या दुखापतीने त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि कॅचरला ज्या जोराने चेंडू फेकावा लागतो तो जोर उरला नाही. २००१ च्या डिसेंबरात बोस्टनने त्याला कोलोरॅडोच्या संघाला देऊन टाकले आणि कोलोरॅडोने त्याला पुढच्या वर्षाचा रीतसर करार देऊ केला नाही. तिथे यासाठी 'नॉन-टेंडर' असा शब्द आहे. त्यात काढून टाकण्याची क्रिया नाही. फक्त देण्याची क्रिया झालेली नाही. ठरलेली मुदत तेव्हा मध्यरात्री संपत असे, आणि त्यानंतर तो माणूस कोणाचाच नसतो. त्याला 'फ्री एजंट' म्हणतात. लुईस यांनी नोंदवल्याप्रमाणे मुदत टळताच ओकलंडहून फोन आला. तो पहिल्या बेसवर खेळेल का, अशी विचारणा होती. तिथे तो पूर्वी खेळलेला नव्हता. त्या हिवाळ्यात घराजवळ त्याची बायको चेंडू मारत असे आणि तो अडवण्याचा सराव करीत असे.

आम्ही शब्दांची माणसे, म्हणून आमची गाडी इथे अडली. जिआम्बी फ्री एजंट होता आणि हॅटेबर्गही फ्री एजंटच होता. एकाच महिन्यात, एकाच खेळात, दोघांसाठी एकच शब्द. एक सर्वांना हवा होता म्हणून मोकळा, दुसरा कोणालाच नको होता म्हणून मोकळा. मराठीत आपण 'मुक्त' म्हणू. संतांच्या मुक्तीपासून मुक्तछंदापर्यंत या शब्दाचा प्रवास आपण वर्गात शिकवतो. पण त्याचे एक ठाणे अभ्यासक्रमात नसते. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयाच्या कार्यालयातून ते पत्ररूपाने येते. शैक्षणिक वर्षाचे कामकाज संपले असल्याने आपणांस अमुक तारखेपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे.

आमच्यापैकी एक जण कायम सेवेत आहे आणि एक जण तासिका तत्त्वावर. कोण कुठे, हे सांगायचे नाही असे आम्ही लिहायला बसण्यापूर्वी ठरवले. पात्रता सारखी, वय जवळपास सारखे, शिकवण्याविषयी विद्यार्थ्यांची मते कधी इकडे झुकणारी तर कधी तिकडे. तासिका तत्त्वावरचा माणूस जितके तास घेईल तितक्यांचे मानधन, तेही उशिरा. उन्हाळ्यात काही नाही. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. हे चौदा वर्षे चालले आहे. तीन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाला मराठी विशेष घेणारी मुले कमी झाली आणि विभागाचा कार्यभार उतरला. कार्यभाराचा तक्ता भरण्याचे काम विभागातल्या कायम माणसाकडे असते. त्याने तो भरला. आकडे खरे होते, बेरीज बरोबर होती, आणि त्या बेरजेतून समोरच्या खुर्चीवरचे नाव गळले. त्यानंतर दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. 'मनीबॉल' आमच्या हाती आले ते त्या दोन महिन्यांनंतर, आणि ते आम्ही पुस्तक म्हणून वाचले असे म्हणवत नाही.

आमच्यापैकी एकाला बिली बीन आवडले. पैसे कमी असताना रडत न बसता डोके चालवणारा माणूस. शिवाय स्वतः पोळलेला. १९८० साली न्यूयॉर्क मेट्सनी पहिल्याच फेरीत निवडलेला, ज्याच्या देहयष्टीवर निवड करणारे लुब्ध होते असा हा मुलगा खेळाडू म्हणून कधी उभाच राहिला नाही. दुसऱ्याचे मत असे की स्वस्तात माणूस मिळवणे याला आपण उगाच प्रज्ञा म्हणतो, आणि मालकाच्या काटकसरीवर लिहिलेले पुस्तक चाकरमान्यांनी टाळ्या वाजवत वाचावे यासारखा विनोद नाही. पुस्तकाविषयी एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य झाली. २००२ मध्ये ओकलंड जिंकले ते केवळ हॅटेबर्गमुळे नव्हे. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तीन तरुण पिचर त्या संघाचा कणा होते. त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार झिटोला मिळाला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान शॉर्टस्टॉप मिगेल तेहादाला. पुस्तकाचा प्रकाश यांच्यावर फारसा पडत नाही. हे चौघे ओकलंडला परवडत होते, कारण त्यांची सहा वर्षे अजून भरायची होती.

या सहा वर्षांची कथा पुस्तकाबाहेरची, आणि आम्हांला अधिक मोलाची वाटली. जवळजवळ शंभर वर्षे बेसबॉलच्या करारात एक कलम होते, त्याला 'रिझर्व्ह क्लॉज' म्हणत. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संपत नसे. संघ वर्षामागून वर्ष तो वाढवू शके, विकू शके, बदलून देऊ शके. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईसने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. फ्लड लहानाचा मोठा झाला होता ओकलंडमध्येच. त्याने जायला नकार दिला. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहिले, की इतकी वर्षे खेळल्यावर मला विचारल्यावाचून विकता येईल अशी मालमत्ता मी आहे, असे मला वाटत नाही. त्याला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते, आणि एवढे मिळत असताना तक्रार कसली, असेही त्याला विचारले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७२ च्या जूनमध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. खटल्याच्या वेळी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नव्हता. जॅकी रॉबिन्सन आले होते, पण ते केव्हाच निवृत्त झालेले.

त्या निकालपत्राविषयी एक विषयांतर करू. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी कायद्याला हात घालण्यापूर्वी बेसबॉलचा इतिहास रंगून सांगितला आहे आणि जुन्या खेळाडूंच्या नावांची लांबच लांब यादी दिली आहे, नामस्मरण करावे तशी. बाजूने मत देणाऱ्यांपैकी दोन न्यायमूर्तींनी तेवढ्या भागाला संमती दिली नाही. खेळावर इतके प्रेम असलेल्या हाताने खेळाडूच्या विरोधात निकाल लिहावा, हे आम्हांला कुठल्याही शोकांतिकेइतके शिकवण्याजोगे वाटते. आपल्याकडेही भाषेवरच्या प्रेमाची भाषणे आणि भाषा शिकवणाऱ्यांची मानधने यांचे नाते साधारण असेच आहे.

फ्लड हरला, पण वाट उघडी पडली. १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय दिला, की कलमाने करार एकच वर्ष वाढवता येतो, कायम नाही. मालकांच्या पायाखालची वाळू सरकली. आणि इथे पुन्हा ओकलंड येते. त्या वेळचे ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी मालकांपुढे सूचना मांडली, की मग सगळ्यांनाच मोकळे करा, दर वर्षी, एकजात सगळ्यांना. बाकीच्या मालकांनी ती हसण्यावारी नेली. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी ती ऐकून काय केले असेल? आम्हांला वाटले होते, ते आनंदले असतील. मिलर यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की त्यांना धास्ती होती ती नेमकी याच सूचनेची. दर हिवाळ्यात सगळेच खेळाडू एकदम बाजारात उतरले तर भाव कोसळणार, हे पोलाद कामगारांच्या संघटनेत वर्षे घालवलेल्या या अर्थतज्ज्ञाने ओळखले होते. १९७६ च्या करारात म्हणूनच सहा वर्षांची अट आली. पहिली सहा वर्षे माणूस संघाचा. मग एकदाच, मोजक्या इतरांबरोबर, मोकळा. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोला मेट्सनी पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले, त्यामागे त्याची बॅट जितकी आहे तितकीच ही विरळाईही आहे.

फिनलींची सूचना वाचली तेव्हा आमच्यापैकी जो दर एप्रिलला कार्यमुक्त होतो तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ही तर आमचीच पद्धत. तिकडे चेष्टा ठरली, इकडे नियम झाला." दर वर्षी हजारो पात्र माणसे एकाच महिन्यात मोकळी होतात, एकाच महिन्यात अर्ज करतात, आणि प्रत्येकाला ठाऊक असते की दाराबाहेर आणखी दहा जण फाइल घेऊन उभे आहेत. तासाचा भाव कोण वाढवील? शिवाय या बाजारात मध्यरात्री फोन करणारे ओकलंड नाही. हॅटेबर्गला कोलोरॅडोने सोडले तेव्हा आणखी एकोणतीस संघ उरले होते, आणि त्याला मिळाले ते एका वर्षाचे सुमारे दहा लाख डॉलर होते. त्याच्या दुःखाशी आपले दुःख जोडताना हात थोडा आखडता घ्यायला हवा, याची जाणीव आम्हांला आहे.

तरी एका बाबतीत हात आखडत नाही. तीन आणि सहा वर्षांच्या मधल्या खेळाडूचे वेतन जुळले नाही तर प्रकरण लवादापुढे जाते. संघ एक आकडा देतो, खेळाडू एक. लवादाने दोहोंपैकी एकच निवडायचा, मधला नाही. सुनावणीत संघाचा वकील खेळाडूच्या देखत त्याच्या उणिवा वाचून दाखवतो. २०२३ च्या फेब्रुवारीत मिलवॉकीचा पिचर कॉर्बिन बर्न्स अशी सुनावणी हरला. वाद सात-साडेसात लाख डॉलरचा. नंतर तो उघडपणे म्हणाला की नाते दुखावले गेले. संघ बाद फेरीत पोहोचला नाही याचा दोष आपल्यावर ठेवला गेला, हे त्याला लागले होते. आणि काही आठवड्यांनी त्याच संघासाठी त्याला चेंडू टाकायला उतरायचे होते. पुढच्या वर्षी मिलवॉकीने त्याला बाल्टिमोरला दिले. कार्यभाराचा तक्ता भरल्यानंतर त्याच टेबलाशी बसून डबा उघडताना घशाखाली काय उतरते आणि काय उतरत नाही, हे बर्न्सला सांगावे लागणार नाही.

२००२ मध्ये पुढे काय झाले, ते चित्रपटामुळे बहुतेकांना माहीत आहे. ओकलंडने सलग २० सामने जिंकले, तेव्हाचा अमेरिकन लीगचा विक्रम. २०१७ मध्ये क्लीव्हलँडने तो मोडला. विसाव्या सामन्यात, ४ सप्टेंबरला, कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी घालवून ओकलंड ११-११ वर आले, आणि नवव्या डावात बदली म्हणून फलंदाजीला आलेल्या हॅटेबर्गने होम रन मारला. त्या मोसमात हजार संधींमागे ३७४ या प्रमाणात तो बेसवर पोहोचला. जिआम्बीचा आदल्या वर्षीचा हिशेब ४७७ होता. तेव्हा एकाने दुसऱ्याची जागा भरली असे म्हणणे खरे नाही. मोसमाअखेर ओकलंड १०३ सामने जिंकले, यांकीजही १०३च, आणि दोघेही बाद फेरीत पहिल्याच पायरीवर हरले.

मग एकेकाची सहा वर्षे भरत आली. तेहादा २००३ च्या डिसेंबरात बाल्टिमोरला गेला. हडसन आणि मल्डर यांना पुढच्या डिसेंबरात, ते मोकळे होण्याआधीच, बदलून टाकण्यात आले. झिटो २००६ मध्ये खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोला गेला, सात वर्षांच्या १२ कोटी ६० लाखांवर. जिआम्बी २००९ च्या जानेवारीत ओकलंडला परत आला, अडतीस वर्षांचा होऊन. ऑगस्टमध्ये त्यांनी त्याला मोकळे केले. त्याचीही आता दुसऱ्या अर्थाची मुक्ती झाली होती. अखेरीस संघच गेला. २६ सप्टेंबर २०२४ ला ॲथलेटिक्स ओकलंडमधला शेवटचा सामना खेळले आणि २०२५ पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका लहान मैदानावर खेळू लागले, लास व्हेगासमधले नवे मैदान बांधून होईपर्यंत. गावाला काही सहा वर्षांची अट नव्हती.

आमच्याकडे गेल्या जूनमध्ये कार्यभार पुन्हा थोडा वाढला. जाहिरात निघाली, सूचनाफलकावर यादी लागली, अर्जावर डकवायला तोच जुना फोटो निघाला. मुलाखतीच्या दिवशी आमच्यापैकी एक जण टेबलाच्या आतल्या बाजूला होता आणि एक जण बाहेरच्या. समितीचे अध्यक्ष नवे होते, त्यांनी फाइल चाळली आणि रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "आपला थोडा परिचय करून द्या."